किती किलो उतरवायचे हे ठरवण्याआधी चरबी आणि स्नायू वेगळे मोजा

समजा, गोव्यात काणकोणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारा एक पुरुष आहे आणि पणजीत पाट्टोवरच्या कचेरीत दिवसभर खुर्चीत बसणारा दुसरा. दोघांची उंची १७० सेंमी, वजन ७८ किलो आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २७. भारतीयांसाठीच्या तक्त्यात दोघेही लठ्ठ ठरतात आणि दोघांना सल्लाही एकच मिळतो: साडेसहासष्ट किलोंवर या, म्हणजे साडेअकरा किलो उतरवा.

आता दोघांच्या पोटाभोवती टेप लावा. रापणकाराची कंबर ८४ सेंमी भरते, कचेरीतल्याची ९७. पहिल्याच्या अंगात चरबी साधारण १५ किलो आणि बाकी ६३ किलो म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी. दुसऱ्याच्या अंगात चरबी साडेतेवीस किलोंच्या घरात आणि उरलेलं साडेचोपन्न. पहिल्याला काहीच उतरवायचं नाही. त्याने साडेअकरा किलो घटवायचे म्हटलं तर त्यात हातापायांची ताकद जाईल. दुसऱ्याने उतरवायला हवं, पण किती आणि कशातून, याचं उत्तर तक्त्यात नाही.

तिसरं उदाहरण या दोघांहून महत्त्वाचं. गोव्यातल्याच साखळी शहरातली एक शिक्षिका, उंची १५२ सेंमी, वजन ५२ किलो. बीएमआय साडेबावीस, म्हणजे तक्त्यानुसार उत्तम. पण कंबर ८६ सेंमी, हातपाय बारीक आणि अंगातली चरबी ३८ टक्के. तिला कोणी काही सांगतच नाही. साखर वाढलेली सापडते तेव्हा घरचे म्हणतात, 'ही तर बारीक, हिला कसा काय मधुमेह?' अशी घरं गोव्यात गावोगावी आहेत. आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं: प्रौढांमध्ये २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४ होता. चारात एकाला मधुमेह असलेल्या राज्यात 'वजन ठीक आहे ना, मग झालं' असं म्हणणं परवडणारं नाही.

बीएमआय कुठे अपुरा पडतो

वजन किलोत घ्यायचं, त्याला उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गाने भागायचं, झाला बीएमआय. ही रीत बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ आडॉल्फ केतले यांनी १८३० च्या दशकात मांडली. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं, कोणावर उपचार करायचे नव्हते. बीएमआय हे आजचं नाव १९७२ मध्ये अमेरिकन संशोधक ॲन्सेल कीज यांनी दिलं, तेही लोकसमूहांची तुलना करण्यासाठी. लाखभर लोकांची सरासरी काढायला हा आकडा आजही उपयोगी आहे. एका माणसाचं उद्दिष्ट ठरवताना मात्र तो अपुरा पडतो, कारण काटा बाजारातल्या तराजूसारखा वागतो: मासळीबरोबर डोकं, काटे आणि आतडीही तोलतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत हा अपुरेपणा जास्त जाणवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. डॉ. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, डॉ. याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. ही ठेवण जन्मापासूनच दिसते. पुण्याच्या अभ्यासात इथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं आणि इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन किलो, पण इथल्या हलक्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी त्या मानाने टिकून होती.

म्हणून भारतीयांसाठी सीमा खाली आणल्या गेल्या. जगभर २५ पासून 'जास्त वजन' आणि ३० पासून 'लठ्ठपणा' धरतात. आपल्याकडे २३ आणि २५ धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. सुधारणा चांगलीच आहे, पण सीमा खाली आणली की रापणकारासारखे आणखी लोक विनाकारण लठ्ठ ठरतात आणि साखळीची शिक्षिका तरीही सुटतेच. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ आयोगाने शिफारस केली की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये. कंबरेचं माप किंवा चरबीची थेट मोजणी सोबत हवी.

सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन: टेप

शिंप्याकडे असते ती न ताणणारी टेप पुरते. जुनी टेप वापरून वापरून ताणलेली असते, तेव्हा आधी स्टीलच्या पट्टीवर एकदा ताडून घ्या.

सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, उघड्या पोटावर मोजायचं. उभं राहून बरगडीचं सगळ्यात खालचं हाड बोटाने चाचपा. मग कुशीत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा आणि टेप त्या खुणेवरून, जमिनीला समांतर फिरवा. पाठीमागे टेप खाली घसरते, हीच नेहमीची चूक. आरशात बघा किंवा घरच्या कोणाला बघायला सांगा. टेप अंगाला टेकलेली हवी, कातडीत रुतलेली नको. सहज श्वास सोडा आणि श्वास संपताना आकडा वाचा. पोट आत ओढू नका. दोनदा मोजा, दोन मापांत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि जवळच्या दोहोंची सरासरी घ्या.

पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. सुटलेल्या पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याचा पँटचा नंबर वर्षानुवर्षं ३४ राहतो आणि पोट मात्र चाळीस इंचांवर जातं.

भारतीय निकषांत पुरुषांची कंबर ९० सेंमीच्या आणि स्त्रियांची ८० सेंमीच्या आत हवी. उंचीचाही हिशेब घेणारा सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. कचेरीतल्या गृहस्थाची निम्मी उंची ८५ आणि कंबर ९७. शिक्षिकेची निम्मी उंची ७६ आणि कंबर ८६. रापणकार ८४ वर, म्हणजे आतच. तिघांचा निकाल दहा-वीस रुपयांच्या टेपने बरोबर लावला, कारण धोका मुख्यतः पोटाच्या पोकळीत, यकृताच्या आसपास साठणाऱ्या चरबीचा असतो आणि ती वाढली की कंबर वाढतेच.

चरबी मोजणारा वजनकाटा काय करतो आणि कुठे फसतो

हल्ली जिममध्ये, औषधांच्या काही दुकानांत आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे काटे चरबीची टक्केवारी दाखवतात. यातलं कुठलंही यंत्र चरबी मोजत नाही. ते तळपायांतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडतं आणि शरीर त्याला किती रोध करतं ते मोजतं. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, त्यातून प्रवाह सहज जातो. चरबीतून जात नाही. त्या रोधावरून शरीरातल्या पाण्याचा अंदाज, पाण्यावरून चरबीविरहित वजनाचा अंदाज (त्यात पाणी सुमारे ७३ टक्के असतं असं धरून) आणि एकूण वजनातून ते वजा करून चरबी. अंदाजावर अंदाज चढत जातो, आणि मधल्या समीकरणात तुम्ही भरलेली उंची, वय आणि लिंगही असतं. उंची चार सेंटिमीटर जास्त टाकली की चरबी आपोआप कमी दिसते.

यंत्र कसं चुकतं हे एका प्रयोगात कळतं. काट्यावर उभे राहून आकडा लिहून ठेवा. मग एक लिटर पाणी प्या आणि लगेच पुन्हा उभे राहा. वजन एक किलोने वाढलं, पण ते पाणी अजून पोटात आहे, स्नायूंत पोचलेलं नाही. त्यामुळे रोध तेवढाच राहतो. यंत्र तो किलो बहुतेक सगळा चरबीच्या खात्यात टाकतं.

गोव्याच्या हवेत आणखी एक घोटाळा होतो. एप्रिल-मे मध्ये फुटबॉल खेळून किंवा कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) काम करून घामाघूम होऊन आलात, तर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. रोध वाढतो आणि चरबी जास्त दिसते. त्याच वेळी कातडी तापलेली असली तर रोध घटतो आणि चरबी कमी दिसते. दोन्ही एकदम झालं की आकडा कुठल्या बाजूला जाईल सांगता येत नाही. आदल्या रात्री दारू झाली असेल, जुलाब झाले असतील, ताप असेल, स्त्रियांची पाळी जवळ आली असेल, तरी हाच प्रकार. अशा दिवशी काट्यावरची टक्केवारी बघूच नका.

फक्त पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह मुख्यतः एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. ज्या पोटाची आपल्याला काळजी, तिथे काय आहे हे त्याला जवळपास कळतच नाही. हातात धरायच्या दांड्या असलेली, हात, पाय आणि धड यांचा रोध वेगवेगळा घेणारी मोठी यंत्रं बरी. पण धडात शरीराचं जवळपास निम्मं वजन असलं तरी एकूण रोधात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे पोटाच्या बाबतीत तीही जपूनच वाचावीत. 'व्हिसरल फॅट ९' (पोटाच्या पोकळीतली चरबी) असा जो आकडा येतो तो समीकरणातून काढलेला असतो. टेपचं माप त्याहून विश्वासाचं.

म्हणून या यंत्राचा एकेक आकडा घेऊन बसू नका. महिन्यातून एकदा, लागोपाठ तीन सकाळी, शौचानंतर, उपाशीपोटी, त्याच काट्यावर, टणक लादीवर, पाय पुसून पण पूर्ण कोरडे न करता मोजा आणि तिन्हींची सरासरी लिहा. खऱ्या चरबीपेक्षा हा आकडा चार-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, पण एकाच पद्धतीने मोजत राहिलात तर त्याची दिशा बरीचशी बरोबर असते. पेसमेकर बसवलेल्यांनी हे यंत्र वापरू नये. गरोदरपणात, पायांना सूज असताना किंवा डायलिसिसवर असताना त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

चिमटा पकडून कातडीखालची चरबी मोजणारा कॅलिपर स्वस्त आहे, पण निष्णात हात हवा. दर वेळी तोच माणूस, तीच जागा, तेवढाच दाब. हे जमणार नसेल तर सोडून द्या.

सगळ्यात चांगलं साधन डेक्सा. दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी हाडं, चरबी आणि बाकीचं वजन वेगळं करून दाखवतं, हात-पाय-धड यांचे वेगळे आकडे देतं आणि किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. बहुतेक ठिकाणी हे यंत्र हाडांच्या ठिसूळपणाच्या तपासणीसाठी बसवलेलं असतं आणि फक्त पाठीचा कणा व खुब्याचा अहवाल मिळतो. म्हणून वेळ घेण्याआधी फोनवर नेमकं विचारा: 'पूर्ण शरीराचा बॉडी कॉम्पोझिशनचा अहवाल देता का?' सुरुवातीला एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा, इतकं पुरे. दर महिन्याला करून पैसे घालवू नका. एवढ्या अवधीतला बदल यंत्राच्या स्वतःच्या फरकात हरवून जातो.

लक्ष्य कसं काढायचं

रीत अशी: आत्ताच्या वजनातून चरबी वजा करा. उरलं ते चरबीविरहित वजन. लक्ष्य म्हणून जितके टक्के चरबी हवी, ते शंभरातून वजा करून येणाऱ्या टक्क्यांनी या वजनाला भागा.

कचेरीतल्या गृहस्थाचं वजन ७८, चरबी ३० टक्के, म्हणजे २३.४ किलो. चरबीविरहित वजन ५४.६. त्यांना २२ टक्क्यांवर यायचं आहे. ५४.६ भागिले ०.७८ म्हणजे ७० किलो. बीएमआयचा तक्ता ६६.५ म्हणत होता.

किती टक्के हवी, यावर सर्वमान्य आकडा नाही. सर्वसाधारण प्रौढ पुरुषाने १८ ते २४ आणि स्त्रीने २५ ते ३१ च्या दरम्यान असावं, हे व्यवहारात चालणारं माप आहे. स्त्रीच्या शरीराला चरबी जास्त लागते. ती फार खाली नेली तर पाळी बिघडते, हाडं कमकुवत होतात. जिमच्या भिंतीवरच्या चित्रातले १० टक्के हे आरोग्याचं माप नाही.

वरच्या हिशेबात एक मोठी अट दडलेली आहे: उतरलेलं सगळं वजन चरबीचंच असेल. नुसतं जेवण कमी केलं तर तसं होत नाही. उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीविरहित असतो. या गृहस्थांनी आठ किलो उतरवले आणि त्यातले दोन चरबीविरहित गेले, तर ७० किलोंवर पोचूनही चरबी २५ टक्केच राहते. अशा पद्धतीने खरोखर २२ टक्के गाठायचे तर त्यांना ६६ किलोंपर्यंत उतरावं लागेल. स्नायू राखले तर ७० ला जे मिळतं, तेच स्नायू घालवून मिळवायला आणखी चार किलो उपाशी राहावं लागतं. शिवाय चरबीविरहित वजन तीन किलो कमी, त्यात स्नायूही, म्हणजे जेवणानंतर रक्तातली साखर शोषून घेणारी जागाच कमी. मधुमेहाच्या बाबतीत हे नुकसान मोठं आहे.

दुसरी गोष्ट, मोजमापातली चूक हिशेबातही उतरते. यंत्राने ३० टक्के म्हटलं, पण खरी चरबी २६ ते ३४ मध्ये कुठेही असू शकते. २६ असेल तर लक्ष्य ७४ किलो, ३४ असेल तर ६६. तेव्हा ७० हा दगडावर कोरलेला आकडा मानू नका. पहिला टप्पा आत्ताच्या वजनाच्या पाच टक्क्यांचा ठेवा, इथे चार किलो. रक्तातली साखर, रक्तदाब, यकृतातली चरबी यांत फरक दिसू लागायला पाच ते दहा टक्के घटही पुरते. तिथे पोचल्यावर कंबर आणि चरबी पुन्हा मोजा, हिशेब नव्याने मांडा आणि पुढचा टप्पा ठरवा.

शिक्षिकेचा हिशेब वेगळा. ५२ किलोंत चरबी १९.८ आणि बाकी ३२.२. तिने काट्यावर आठ-दहा किलो उतरवायचं मनावर घेतलं तर ती आणखी अशक्त होईल. तिचं लक्ष्य चार किलो चरबी कमी आणि दीड किलो स्नायू जास्त. तेव्हा वजन साडेएकोणपन्नास येतं आणि चरबी ३२ टक्के. काट्यावर सहा-आठ महिन्यांत अडीच किलोंचाच फरक दिसेल, पण कंबर बरीच उतरलेली असेल. तिने वहीत वजनाचा रकाना शेवटी ठेवावा, कंबर आणि व्यायामात उचललेला भार आधी.

स्नायू राखायचे तर

तीन गोष्टी लागतात आणि तिन्ही एकदम लागतात.

पहिली, घाई नको. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे ७८ किलोंच्या माणसाने ४०० ते ६०० ग्रॅम. आठ किलोंना चार-पाच महिने लागतील. 'चवथीपर्यंत दहा किलो' असा पण जुलैमध्ये करणाऱ्याचे स्नायूच जातात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० ची तूट ठेवली की हा वेग साधतो. तूट काढायला आपल्याकडे जागा आहे. फेणीच्या ६० मिलीत सुमारे १४०, बिअरच्या मोठ्या बाटलीत २८० च्या आसपास, मूठभर काजूंत १७०. खोबऱ्याचं हुमण (माशांची आमटी) बंद करायची गरज नाही. ताटातल्या शिताचा ढीग आणि रस्स्याचे डाव कमी करा.

दुसरी, प्रथिनं. निरोगी माणसाची रोजची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम, पण वजन उतरवताना ती १.२ ते १.६ पर्यंत न्यावी. लक्ष्य ७० किलो असेल तर दिवसाला ८५ ते ११० ग्रॅम. आम्ही मासळीखाऊ, आम्हांला प्रथिनांची काय कमतरता, हा समज ताटात बघितला की टिकत नाही: शीत भरपूर, हुमणात तुकडा एक, आणि सकाळचा पाव-भाजीचा नाश्ता जवळपास प्रथिनांविना. दोन मध्यम बांगड्यांतून साधारण ३० ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, वाटीभर शिजलेल्या अळसांद्यांतून (चवळीसारखं कडधान्य) १०, शंभर ग्रॅम पनीरमधून १८, मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतून किंवा चण्यांतून ६-७. सकाळी दोन अंडी आणि अळसांद्यांची भाजी, दुपारी दोन बांगडे, संध्याकाळी चणे, रात्री चिकन किंवा पनीर. एवढ्यात नव्वदच्या घरात पोचता येतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदीत मासळी महागते आणि पाठोपाठ श्रावण येतो. या काळात ताट एकदम शीत-वरणावर येतं आणि प्रथिनं निम्मी होतात. कडधान्यं, अंडी, दही यांची तजवीज मे मध्येच करा. सुकी खारी मासळी प्रथिनांना उत्तम, पण तिच्या मिठाने अंगात पाणी धरतं आणि दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर जातो. ती चरबी नव्हे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

तिसरी, वजन उचलण्याचा व्यायाम. मिरामारला रोज पाऊण तास चालणं हृदयाला आणि साखरेला फार चांगलं, पण त्यातून हात, पाठ, छाती यांच्या स्नायूंना 'आमची इथे गरज आहे' असा इशारा मिळत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीवर किंवा पलंगाच्या कडेवर जोर, पाच लिटर पाण्याचा कॅन जमिनीवरून उचलणं आणि वाकून कमरेकडे ओढणं. प्रत्येकाचे आठ ते बारा वेळा असे दोन-तीन फेरे. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमू लागले की कॅन दहा लिटरचा घ्या. भार वाढवला नाही तर सहा महिन्यांनी शरीर जिथल्या तिथे असतं. हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, डोळ्यांच्या पडद्याचा मधुमेही आजार असणाऱ्यांनी आधी परवानगी घ्यावी.

वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं घेणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू. भूक इतकी मरते की प्रथिनंच पोटात जात नाहीत, आणि अभ्यासांत उतरलेल्या वजनातला सुमारे २५ ते ४० टक्के भाग चरबीविरहित निघालेला आहे. इंजेक्शन सुरू करण्याआधीच कंबर आणि चरबी मोजून ठेवा.

पासष्टीपुढचे वेगळे

गोव्यात ज्येष्ठांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे आणि त्यांनाच बीएमआयचा तक्ता सगळ्यात जास्त फसवतो. या वयात स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, काटा तिथेच राहतो. 'गेली वीस वर्षं माझं वजन साठच' हे ऐकायला छान वाटतं, पण आधी पोटरी मोजा: सगळ्यात जाड जागी पुरुषांची ३४ सेंमीपेक्षा आणि स्त्रियांची ३३ पेक्षा कमी भरली, तर स्नायूंची झीज तपासायला हवी. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, किंवा पकडीची ताकद पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंच्या खाली असली, तरीही तेच. अशा माणसाला 'वजन उतरवा' सांगण्याआधी ताकद वाढवायला सांगा. आणि ज्येष्ठाचं वजन काही न करता आपोआप उतरू लागलं तर शाबासकी देऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

वहीतले आकडे कसे वाचायचे

वजन रोज केलं तरी बघायची ती आठवड्याची सरासरी. ग्लायकोजेनच्या (शरीरात साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून लग्नाच्या जेवणानंतर किलो-दीड किलो वाढतं आणि चार दिवसांत जातं. कंबर पंधरा दिवसांनी, टक्केवारी महिन्याने.

वजन आणि कंबर दोन्ही उतरत असतील, कॅन पूर्वीइतकाच उचलवत असेल, तर काहीही बदलू नका. वजन थांबलं पण कंबर उतरतेय, तर चरबी जाऊन स्नायू येत आहेत. घाबरून जेवण तोडू नका. वजन भराभर उतरतंय, कंबर हलत नाही आणि उचललेला भार कमी होतोय, तर स्नायू चालले आहेत. तूट निम्मी करा, प्रथिनं मोजा, व्यायामाचा दिवस वाढवा. चार आठवडे दोन्ही जागच्या जागी असतील, तर खाण्यात न मोजलेलं काहीतरी जातंय. बहुधा तेल, खोबरं, काजू किंवा ग्लास.

मध्येच काटा बदलावा लागला किंवा जिम बदलली, तर जुन्या आणि नव्या यंत्रावर शक्यतो एकाच सकाळी मोजा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा. जुन्यावर २७ आणि नव्यावर ३१ आलं तर तुमची चरबी चार टक्क्यांनी वाढलेली नाही. तिथून पुढचा हिशेब ३१ पासून.